ओहायो लीग नक्की काय होती, आणि ती बंद का पडली?

तुम्ही विचारलंय की एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची आजची मोठी लीग, हा हातात बॉल घेऊन पळायचा फुटबॉल) आधी ओहायोत जी 'ओहायो लीग' होती ती प्रो होती की सेमी-प्रो, आणि एवढी गाजत होती तर बंद का पडली. मी इथेच क्लीव्हलंडच्या बाजूला राहतो, घरी पाहुणे आले की कँटनचं हॉल ऑफ फेम, म्हणजे या फुटबॉलचं म्युझियम, दाखवायला न्यावंच लागतं, त्यामुळे हा विषय आता तोंडपाठ झालाय, सांगतो.

पहिलं म्हणजे ती लीग नव्हतीच. ऑफिस नाही, अध्यक्ष नाही, पॉइंट टेबल नाही, काही नाही. मॅसिलन, कँटन, अ‍ॅक्रन, शेल्बी, कोलंबस, डेटन अशी गावं आपापली टीम उभी करायची, मॅनेजर लोक आपसात मॅच ठरवायचे, आणि सीझन संपला की ज्याने बाकीच्यांना लोळवलं तो राज्याचा चॅम्पियन, तेसुद्धा कधी कधी दोघं एकदम दावा ठोकायचे. 'ओहायो लीग' हे नाव नंतरच्या लोकांनी सोयीसाठी चिकटवलंय. कोल्हापूरच्या तालमींचा फुटबॉल बघितलेला माणूस असेल तर त्याला हे पटकन कळेल, पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण असली की अख्ख्या पेठेची इज्जत पणाला, आणि जिंकायचंच म्हणून बाहेरून प्लेयर आणायचे, इथेही अगदी तेच चालायचं, फक्त वर राजरोस सट्टा.

सुरुवात १९०३ ची. मॅसिलन म्हणजे जेमतेम १२-१३ हजार वस्तीचं गाव, तिथल्या लोकांनी टायगर्स नावाची टीम काढली आणि शेवटी अ‍ॅक्रनला हरवायचं म्हणून पिट्सबर्गकडून पैसे देऊन प्लेयर आणले, मॅच १२-० ने मारली. झालं, सगळ्यांना कळलं की पैसा टाकला की चॅम्पियन होता येतं. शेजारचं कँटन, मध्ये अंतर फक्त १२-१३ किलोमीटर, ते कसं गप्प बसेल? त्यांनी १९०५ मध्ये टीम काढली आणि १९०६ मध्ये तर मॅसिलनचेच चार प्लेयर फोडले.

त्या वर्षी दोघांच्या दोन मॅच झाल्या, पहिली कँटनने १०-५ जिंकली, दुसरी मॅसिलनने १३-६, आणि मग मॅसिलनच्या 'इंडिपेंडंट' पेपरने बॉम्ब टाकला की कँटनचा कोच ब्लाँडी वॉलेसने मॅच फिक्स करायला पैसे चारायचा प्रयत्न केला. आता गंमत बघा, मॅसिलनच्या टीमचा मॅनेजर त्याच पेपरात एडिटर! वॉलेसने बदनामीचा दावा लावला, तो कोर्टाबाहेर मिटला, म्हणजे सिद्ध काहीच झालं नाही, पण लोकांचा विश्वास उडाला आणि पुढची चार-पाच वर्षं मोठ्या पैशाचा खेळ थंडच होता. माझं विचाराल तर फिक्सिंग खरं की खोटं यापेक्षा दोन्ही टीम ऐपतीबाहेर खर्च करत होत्या हेच जास्त महत्त्वाचं, भांडण नसतं झालं तरी त्या बुडाल्याच असत्या.

आता प्रो की सेमी-प्रो. पैसे मॅचप्रमाणे मिळायचे, बहुतेक लोक आठवडाभर नोकरी करायचे आणि रविवारी खेळायचे, म्हणून सेमी-प्रो म्हणणंच बरोबर. कोलंबस पॅनहँडल्स बघा, १९०७ पासून जो कार नावाच्या माणसाने चालवलेली टीम, बरेचसे प्लेयर रेल्वेच्या वर्कशॉपमधले कामगार, सराव कुठे तर जेवणाच्या सुट्टीत. रेल्वेचे पास फुकट म्हणून ते कुठेही जाऊन खेळू शकायचे, प्रवासखर्च शून्य. त्यात नेसर घराण्यातले सहा भाऊ, एकेक माणूस म्हणजे भिंत. दुसरीकडे कॉलेजची पोरं खोट्या नावाने खेळायची. पेगी पॅरट हा क्लीव्हलंडच्या केस कॉलेजचा क्वार्टरबॅक (डावपेच चालवणारा मुख्य खेळाडू), १९०५ मध्ये शेल्बीकडून 'जिमी मर्फी' म्हणून खेळला, पकडला गेला, कॉलेजच्या टीममधून बाद झाला, आणि पुढे हाच गडी अ‍ॅक्रनच्या टीमचा मॅनेजर होऊन चॅम्पियनशिप घेऊन गेला. शेल्बीबद्दल अजून एक, चार्ल्स फॉलिस १९०४ मध्ये तिथे करारावर खेळला, तो पहिला कृष्णवर्णीय प्रो फुटबॉलपटू मानतात, आणि त्याआधी त्याच टीममध्ये ब्रँच रिकी होता, ज्याने चाळीसेक वर्षांनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला गोऱ्यांच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये आणलं.

खरी मजा १९१५ ला. कँटनचा मॅनेजर जॅक कसॅक, गॅस कंपनीत नोकरी करणारा तरुण पोरगा, त्याने ऑलिम्पिक विजेत्या जिम थॉर्पला एका मॅचचे २५० डॉलर देऊन आणलं. लोक म्हणाले हा आता टीम बुडवणार, पण हजार-बाराशेचं पब्लिक एकदम सहा-आठ हजारांवर गेलं. पहिली मॅच मॅसिलननेच १६-० मारली. दोन आठवड्यांनी परत कँटनमध्ये, गर्दी एवढी की लोक गोल लाइनच्या (जिच्यापलीकडे बॉल नेला की गुण मिळतात) मागे मैदानातच उभे, म्हणून आधीच ठरलं की प्लेयर गर्दीत घुसला तर बाहेर येताना बॉल हातात पाहिजे. थॉर्पच्या दोन किकवर कँटन ६-० पुढे, शेवटची मिनिटं, मॅसिलनच्या ब्रिग्जने पास पकडला आणि पळत गोल लाइन ओलांडून थेट गर्दीत, आणि बॉल सुटला, कँटनच्या गिडियन स्मिथने त्यावर झडप घातली. ब्रिग्ज बोंबलतोय की पोलिसाने लाथ मारली, मी पितळी बटणं बघितली! कसॅकने नंतर लिहिलंय की तिथे युनिफॉर्मवाले पोलीसच नव्हते आणि तो बटणवाला खरं तर ट्रामचा कंडक्टर निघाला. पब्लिक मैदानात शिरलं, मॅच थांबली, आणि पंचांनी काय करावं तर निकाल पाकिटात बंद करून एका हॉटेलच्या मॅनेजरकडे दिला, म्हणाले आम्ही गाव सोडल्यावर मध्यरात्रीनंतर साडेबाराला फोडा. सट्टेवाले लॉबीत ताटकळत बसलेले. निकाल, कँटन ६-०.

मग बंद का पडली? महायुद्ध आलं, १९१८ चा फ्लू आला, आणि १९१९ ला खेळ परत सुरू झाला तेव्हा प्लेयरचे भाव गगनाला भिडलेले. आज या टीममध्ये, पुढच्या रविवारी जास्त पैसे दिले की त्या टीममध्ये. सगळे मॅनेजर तोट्यात. म्हणून १७ सप्टेंबर १९२० ला कँटनमध्ये तिथल्या टीमचा मालक राल्फ हे याच्या हपमोबिल गाड्यांच्या शोरूममध्ये चार राज्यांतल्या टीमवाल्यांची मीटिंग झाली, खुर्च्या कमी म्हणून काही जण गाड्यांच्या फुटबोर्डवर बसले, आणि जी संघटना निघाली तीच दोन वर्षांनी एनएफएल झाली. प्लेयर फोडायचे नाहीत, कॉलेजची पोरं घ्यायची नाहीत, पगार आवरायचे, हा मुख्य अजेंडा. खेळाचं प्रेम वगैरे नंतर, आधी खर्चाला लगाम.

म्हणजे बंद पडली नाही, एनएफएलमध्ये विरघळली. पण गावांना ते झेपलं नाही. मॅसिलनने १९२० ला टीमच काढली नाही. कँटन १९२२ आणि १९२३ ला चॅम्पियन झालं तरी १९२६ नंतर संपलं, कोलंबसही त्याच वर्षी, डेटनची टीम १९३० मध्ये ब्रुकलिनला विकली गेली. मोठ्या शहराचा गल्ला छोट्या गावाला कुठून येणार. जो कार मात्र १९२१ पासून १९३९ ला मरेपर्यंत लीगचा अध्यक्ष होता, आणि टीम छोट्या गावांतून मोठ्या शहरांत नेण्यात त्याचाच मोठा हात, कोलंबसच्या रेल्वे कामगारांची टीम चालवणाऱ्या माणसाचा.