कम्युनिटी कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट नाही पाठवली तर चालेल का?

न्यू जर्सीत समुपदेशन करायला लागून मला बरीच वर्षं झाली, आणि दर उन्हाळ्यात ग्रॅड स्कूलचे अर्ज उघडले की तीच काळजी वेगवेगळ्या तोंडांनी माझ्यापर्यंत येते. "सुरुवात कम्युनिटी कॉलेजमधून केलीय, आता ऑक्युपेशनल थेरपीच्या मास्टर्सला कोण घेणार?" (कम्युनिटी कॉलेज म्हणजे इथलं कमी फीचं, दोन वर्षांचं कॉलेज. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच ओटी, ही आजारपण किंवा अपंगत्व आलेल्याला रोजची कामं परत जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी.) कधी मुलगी स्वतः विचारते, कधी तिची आई दबक्या आवाजात फोन करते. म्हणून एकदा नीट लिहायचं ठरवलं. जिच्याबद्दल लिहितेय तिला इथे मुक्ता म्हणते, तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि सात-आठ महिन्यांच्या भेटी दोन-चार संवादांत बसवल्यात.

मुक्ता पंधराव्या वर्षी नाशिकहून इकडे आली. घरात पैशांची ओढाताण, म्हणून दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग स्टेट युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजीला ट्रान्सफर. माझ्याकडे आली तेव्हा बॅचलर्सचं शेवटचं वर्ष सुरू व्हायचं होतं. समोर ठेवलेलं पाणीही न पिता तिने विचारलं,

"मावशी, कम्युनिटी कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट नाही पाठवली तर? क्रेडिट्स तर युनिव्हर्सिटीच्या ट्रान्सक्रिप्टवर आलेतच."

"ओटीकॅसला तू शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट लागते गं. द्यावीच लागेल."

ओटीकॅस म्हणजे बऱ्याच ओटी प्रोग्रॅम्सना एकाच ठिकाणाहून करता येणारा अर्ज, आणि ट्रान्सक्रिप्ट म्हणजे कॉलेजची अधिकृत गुणपत्रिका. तिचा चेहरा एकदम पडला, कारण त्या ट्रान्सक्रिप्टवर ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या पहिल्या भागात एक 'सी' होता. विषय परत घेऊन तिने 'ए' मिळवला होता, पण ओटीकॅस जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी, काढताना दोन्ही धरतं, जुनी ग्रेड पुसली जात नाही. हे मी तिला तिथेच स्पष्ट सांगितलं. काही होत नाही गं, म्हणत खोटा धीर देणं मला पटत नाही, माणूस दुसऱ्या दिवशी वेबसाइट उघडतो आणि मग आपल्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नाही.

घरचं वातावरणही मदतीचं नव्हतं. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की आई म्हणायची, "इथेच जवळ कॉलेजला आहे," आणि विषय बदलायची. त्यात मुंबईची मावसबहीण बारावीनंतर थेट ओटीला जाऊन साडेचार वर्षांत थेरपिस्ट झालेली, त्यामुळे नातेवाइकांना वाटायचं हीच मागे राहिली. मागे राहण्याचा प्रश्नच नव्हता, इकडची वाटच वेगळी आहे. अमेरिकेत २००७ पासून ओटी व्हायचं तर आधी बॅचलर्स आणि त्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट. आपल्याकडे मुंबईत केईएमला १९५० मध्ये ओटीचं शिक्षण कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं, त्या जन्माने अमेरिकन होत्या. मुक्ताच्या आईला हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा या कोर्सबद्दल मान वर करून प्रश्न विचारले.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत मुक्ताने जाहीर केलं, "मी फक्त ओटीडीलाच अप्लाय करणार."

"का गं?"

"डॉक्टरेट असली की मागचं कोण विचारतंय!"

कर्ज काढून, जास्त वेळ घालून डॉक्टरेट करायची ती डाग धुवायला! मास्टर्स काय, ओटीडी म्हणजे ओटीतली डॉक्टरेट काय, एनबीसीओटीची राष्ट्रीय परीक्षा तीच आणि थेरपिस्टचं लायसन्सही तेच. ओटीडीत चौदा आठवड्यांचा कॅपस्टोन, म्हणजे शेवटचा मोठा प्रकल्प असतो, रिसर्च, शिकवणं, नेतृत्व यात खरंच रस असेल तर जरूर करावी. २०२७ पासून डॉक्टरेटच लागणार अशी घोषणा २०१७ मध्ये झाली होती, पुढे ती बारगळली, पण व्हॉट्सॲपवर अजून फिरतेच आहे. मला तेव्हा लख्ख कळलं की हिची अडचण ॲडमिशनची नाहीये, लाज वाटतेय म्हणून ही निर्णय घेतेय आणि असे निर्णय महाग पडतात.

मग ती पर्सनल स्टेटमेंटचा कच्चा मसुदा घेऊन आली. मी म्हटलं, यात 'ऑलदो', म्हणजे 'जरी', किती वेळा आलंय मोज. एका पानात चार वेळा! ऑलदो मी कम्युनिटी कॉलेजमधून आले, ऑलदो मला सी मिळाला. अर्ज कसला, माफीनामाच होता तो. मी कागद बाजूला ठेवायला सांगितला.

"त्या सेमिस्टरला घरी काय चाललं होतं?"

"आजीला स्ट्रोक झाला होता. उजवी बाजू गेली."

"मग तू काय करायचीस?"

ती सांगता सांगता उठलीच. माझ्या खुर्चीवरचं स्वेटर उचललं आणि स्वतःचा उजवा हात लुळा सोडून दाखवायला लागली. "घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी. काढताना उलटं, चांगला हात आधी. आणि हात ओढायचा नाही हं मावशी, खांदा निसटतो." आजीला गाऊन नको होता, साडी-ब्लाउजच हवा होता, आणि एका हाताने हुक लागेनात. मुक्ताने ब्लाउजला आतून वेल्क्रो लावला आणि हुक वरून नुसते दिसायला तसेच शिवून ठेवले, कारण आजीचं म्हणणं, बघणाऱ्याला कळता कामा नये.

"खांद्याचं कुठे कळलं तुला?"

"लॅबमध्ये. ते मॉडेल असतं ना, स्नायू काढता येतात ते..." आणि ती थांबली. लॅब कम्युनिटी कॉलेजची होती. सेमिस्टर तेच, सी मिळालेलं.

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामानंतर एवढं जमतं, अशा वेळी गप्प बसायचं. तिने हातातलं स्वेटर घडी करून परत खुर्चीवर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "मी पण वरून हुकच शिवत होते."

मी समोरच्याला 'तू कोण आहेस' असं सहसा विचारत नाही, 'तू काय करतेस' ते विचारते. माणसाला स्वतःबद्दलचं खरं आपल्या हातांनी केलेल्या कामातून सापडतं, यावर माझा पक्का विश्वास आहे, आणि ओटी हा व्यवसाय तरी दुसरं काय मानतो! नवीन स्टेटमेंट ब्लाउजच्या बाहीपासून सुरू झालं. सी ग्रेडला त्यात एकच वाक्य होतं.

आता जे मी प्रत्येकीला सांगते ते. बॅचलर्स कुठल्याही विषयात चालतं. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन्ही भाग लॅबसकट, स्टॅटिस्टिक्स, डेव्हलपमेंटल आणि ॲबनॉर्मल सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी असे विषय बहुतेक ठिकाणी आधी लागतात आणि कम्युनिटी कॉलेजमध्ये घेतलेले बरेच प्रोग्रॅम्स स्वीकारतात, पण प्रत्येकाची यादी, किमान ग्रेड आणि विषय किती जुना चालेल याची मुदत वेगळी, म्हणून पहिल्याच वर्षी चार-पाच प्रोग्रॅम्सची पानं उघडून शेवटापासून मागे आखणी करा आणि ट्रान्सफर ॲडव्हायझरला ती दाखवा. प्रोग्रॅमला एसीओटीईची, म्हणजे ओटीचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का बघा. ऑब्झर्वेशनचे, म्हणजे थेरपिस्टचं काम जवळून बघण्याचे, तास शेवटच्या उन्हाळ्यावर ढकलू नका, एखादी शाळा, एखादं हॉस्पिटल, दोन्ही बघितलंत तर आपल्याला हे काम झेपतं का तेही कळेल. पैशांचा हिशेब करताना चोवीस आठवड्यांचं पूर्णवेळ फील्डवर्क, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, धरा, ते सहसा बिनपगारी असतं आणि त्या काळात पार्टटाइम नोकरी सांभाळणं फार कठीण जातं. आणि लवकर कमवायची गरज असेल तर कम्युनिटी कॉलेजमधूनच ओटी असिस्टंट होता येतं, पुढे शिकायला ब्रिज प्रोग्रॅम्स आहेत. त्याला कमी लेखू नका, विशेषतः आई-बाबांनी.

मुक्ताने पाच ठिकाणी अर्ज केले. तीन नकार आले, एक वेटलिस्ट आणि एका मास्टर्सला प्रवेश मिळाला. नकार आल्यावर ती रडली, आम्ही त्यावरही बोललो.

परवाच आणखी एका आईंचा फोन होता, मुलगी कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला आहे, आवाज तसाच दबका. त्यांना म्हटलं, तिला सगळ्या विषयांचे सिलॅबस आत्तापासून एका फोल्डरमध्ये जपून ठेवायला सांगा, एखादा प्रोग्रॅम विषय तपासायला मागतो आणि चार वर्षांनी ते कुठेच सापडत नाहीत. त्या म्हणाल्या, "थांबा ताई, लिहून घेते," आणि पेन शोधायला गेल्या.