कॉम्प्युटरच्या एकाच स्पीकरमधून आवाज येतोय, उजवा वाजतोय, डावा गप्प आहे. ड्रायव्हर पुन्हा टाकू की फॉरमॅट मारू?

दोन्ही नको. फॉरमॅट तर मुळीच नको.

उजवा वाजतोय, डावा गप्प आहे, एवढंच तुम्ही लिहिलंय. पिन अर्धवट बाहेर नाही आणि सेटिंगमधला डावा-उजवा बॅलन्स सारखा आहे, हे बघितलं असेल असं धरते. ड्रायव्हर, म्हणजे साउंड चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडला की बहुतेक वेळा दोन्ही बाजू जातात. एकच गेली की वायर, पिन, नाहीतर व्हॉल्यूमचं बटण. आमच्या जावईबापूंना हे सांगून मी थकले, म्हणून आता तुम्हाला सांगते.

मी आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केलेला. लग्न होऊन रत्नागिरीत आले, दुकान काही टाकता आलं नाही, पण आळीतले रेडिओ, टेपरेकॉर्डर माझ्याकडेच यायचे. जावई पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. ते दिवाळीला आले आणि नेमका तेव्हाच आमचा डावा स्पीकर बंद पडला. ह्यांच्या एका जुन्या रेकॉर्डिंगमध्ये सारंगी डावीकडे नि तबला उजवीकडे आहे, त्यामुळे लगेच कळलं. सारंगीच गायब! मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठले तर, "आई, तुम्ही बसा हो, मी बघतो." जावयाला नको कसं म्हणणार? फराळाची ताटली बाजूला सारून त्यांनी ड्रायव्हर काढला, परत टाकला, विंडोज अपडेटला लावलं आणि शेवटी निकाल दिला, साउंड कार्ड गेलंय. वर, "ब्लूटूथ स्पीकर पाठवतो."

ते जेवून आडवे झाले तेव्हा मी मोठ्या बॉक्सच्या (ज्यात ॲम्प्लिफायर असतो) मागच्या, कॉम्प्युटरकडून येणाऱ्या केबलच्या लाल आणि पांढऱ्या पिना एकमेकींच्या जागी घातल्या. उजव्या बॉक्समधून सारंगी यायला लागली, तबला गेला. म्हणजे कॉम्प्युटर दोन्ही बाजूंचा आवाज नीट पाठवतोय, डावा बॉक्सच तो घेत नाहीये. तुम्हीही आधी हेच करा. पिना बदलल्यावर गप्प बाजूही बदलली, तर दोष केबलचा किंवा कॉम्प्युटरचा. मग तीच केबल मोबाइलला लावा, दोघांतला कोण ते कळेल.

डाव्या बॉक्सची वायर खटक्यांतून सोडवली तर टोकं हिरवी पडलेली. इथल्या खाऱ्या हवेत उघडं तांबं टिकत नाही. टोकं पेन्सिल सेलला टेकवली, स्पीकरमधून 'टक्' यायला हवं होतं, काही नाही. अर्धा इंच कापून नवं तांबं काढलं, परत टेकवली, आतून 'टक्' आलं. परत खटक्यात घातली. सारंगी सुरू. खर्च शून्य.

जावई उठून आले, ऐकलं आणि म्हणाले, "बघा, रिस्टार्ट झाल्यावर ड्रायव्हर बसला." मी कापलेली टोकं समोर धरली. "हां, तेही असेल." तेही! अजून कुठल्याही लग्नकार्यात आईंचा कॉम्प्युटर आपण दुरुस्त केल्याचं सांगतात. माझं मत स्पष्ट आहे, ज्याला वायर सोलता येत नाही त्याने साउंड कार्डचा निकाल देऊ नये.

तुमच्याकडे व्हॉल्यूम फिरवताना खरखर होऊन डावा मध्येच येत-जात असेल, तर बटणाच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलीय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण दोन्हीकडे फिरवत राहा. सेल लावून 'टक्' येतं आणि तरीही स्पीकर वाजत नाही, तर ॲम्प्लिफायरची आयसी (चिप) किंवा सुटलेलं सोल्डर, ते मेकॅनिककडे न्या. (उजवा गेला असता तर मी आधी मोनो पिनवर संशय घेतला असता. एकच काळी रिंग असलेली पिन उजवी बाजू शॉर्ट करते.)

हो, मोठा बॉक्स उघडणार असाल तर आधी प्लग काढा आणि थोडा वेळ थांबा. आत 230 व्होल्ट येतात आणि कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. लॅपटॉपच्या आतल्या स्पीकरना यातलं बरंच लागू नाही. तिथे हेडफोन लावून बघा, दोन्ही कानांत आवाज आला तर आतला स्पीकर किंवा त्याची वायर गेलीय.

आणि सॉफ्टवेअरचा दोष कधीच नसतो असंही नाही. काही मशीनवर साउंडचं वेगळं ॲप असतं, त्यातला बॅलन्स विंडोजपेक्षा निराळा असतो आणि कधी एका बाजूला सरकलेला सापडतो. तो उघडून बघायला मिनिटभर लागतं, त्यासाठी फॉरमॅट कशाला?