सोलापुरात गिअरची सायकल चोरीपासून कशी वाचवावी?

तुम्ही लिहिलंय की सायकल १४,००० रुपयांची आहे, रोज संध्याकाळी दोन तास क्लासबाहेर उभी असते आणि तिला दुकानातूनच मिळालेलं केबलचं कुलूप घालता. आधी ते कुलूप बदला. दिसायला बोटाएवढी जाड, पण वरचं प्लॅस्टिक सोललं की आतली तार जेमतेम सुतळीएवढी निघते. साध्या कटरनं तुटते.

माझी सायकल गेली नवी पेठेतून. वडील तिच्यावरून यंत्रमागाच्या कारखान्यात जायचे, पुढं ती माझ्याकडं आली. मागच्या चाकाला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. शेजारच्या चहाच्या गाड्यावाल्यानं सगळं बघितलं होतं. "एक पोरगं मागचं चाक उचलून ढकलत नेत होतं. मीच विचारलं, काय बे, काय झालं? म्हणालं, किल्ली हरवली. मग मीच त्याला किल्लीवाल्याचं दुकान दाखवलं की!"

नुसतं चाक फिरू न देणारं कुलूप म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. सायकल कशाला तरी बांधलेली पाहिजे. तेही पक्क्या बसवलेल्या लोखंडाला: जिन्याचं रेलिंग, खिडकीचे गज, दिव्याचा खांब. पाटीचा बुटका पाइप नको, सायकल वरून काढून घेतात. यू-लॉक, म्हणजे इंग्रजी यू आकाराचं जाड लोखंडी कुलूप घ्या, महाग पडलं तरी घ्या. ते सीटखालच्या त्रिकोणातून आणि मागच्या चाकातून घालून रेलिंगला अडकवा. फ्रेम आणि गिअरचं चाक दोन्ही एकदम अडकतात. नुसतं पुढचं चाक बांधलंत तर संध्याकाळी तेवढंच घरी न्याल. गिअरच्या बऱ्याच सायकलींना पुढचं चाक आणि सीट हातानं सुटतील असे क्विक रिलीज असतात. ते काढून साधे नट बसवून घ्या, म्हणजे निदान पान्हा तरी लागेल. तुमचं जुनं केबलचं कुलूप टाकू नका, पुढच्या चाकाला कामी येईल.

आपल्याकडच्या धुळीनं कुलपं धरतात. किल्ली अडायला लागली की तेलाचा थेंब सोडा, नाहीतर एखाद्या दिवशी तुम्हालाच कटरवाला शोधावा लागेल.

आणखी एक काम आजच उरका. सायकल उलटी करा. पायडलचा दांडा जिथून आरपार जातो, त्या नळीच्या पोटाशी बहुतेक सायकलींना नंबर ठोकलेला असतो. त्याचा फोटो काढा आणि बिलासोबत ठेवा. बिल का, तर १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे आणि तिच्यात ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) होते, तपासाला कोर्टाची परवानगी लागते. तुमची सायकल त्यापेक्षा महाग आहे, पण ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. माझ्याकडं ना बिल होतं ना नंबर. "काळी सायकल, जुनी" एवढंच सांगू शकलो. लिहून घेणाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला मात्र सायकल नेऊच नका. होम मैदानाजवळ बांधायला रेलिंग मिळालं तरी आधीच दहा सायकली टेकलेल्या असतात. मी चालतच जातो.