वडिलांच्या जुन्या एचएमटी घड्याळाच्या काचेवर चरे पडलेत. टूथपेस्टने जातात का? हेल्मेटच्या व्हायझरलाही तेच करू का?

घड्याळाचे बरेचसे जातात. व्हायझरला मात्र टूथपेस्ट लावू नका. का, ते शेवटी सांगतो.

मला जुन्या चावीच्या घड्याळांचा नाद आहे, म्हणून घड्याळाबद्दल जरा सैल हाताने लिहितो. जनता, पायलट वगैरे एचएमटींवर आपण जिला काच म्हणतो ती अक्रिलिकची, म्हणजे एका पारदर्शक प्लास्टिकची असते. तरी आधी खात्री करा, कारण मधल्या काळात कुणी दुरुस्तीत खरी काच बसवलेली असू शकते. नखाने टिचकी मारली की अक्रिलिक बद्द वाजतं, काच टणक वाजते. काच हाताला गारही लागते. खरी काच निघाली तर खालचा एकही उपाय चालणार नाही. तिला सेरियम ऑक्साइड (काच घासायची पूड) लागतं आणि भरपूर वेळ लागतो, त्यापेक्षा नवी काच टाकलेली स्वस्त पडते.

चरा म्हणजे तिथला माल खरवडून गेलेला असतो, तो काही परत भरत नाही. आपण करतो ते एवढंच, की आजूबाजूची पातळी चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतो. म्हणून खरा प्रश्न चरा किती खोल आहे हा. नख चऱ्यावरून आडवं फिरवा. अडकलं नाही तर नुसत्या पॉलिशने काम होईल. अडकलं तर आधी वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा बारीक सँडपेपर.

इथे एक फसवणूक सांगून ठेवतो. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळलं की चरे गायब होतात असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते खरंच दिसेनासे होतात. अक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचं माप, सुमारे 1.49 आणि खोबरेल तेलाचा 1.45 च्या आसपास. चऱ्यात तेल भरलं की प्रकाशाला अक्रिलिक आणि तेल यांत फारसा फरक जाणवत नाही, तो विखुरत नाही, आणि काच नवीकोरी दिसते. दुपारपर्यंत तेल पुसलं जातं की चरे हजर! पाण्यानेही थोड्याफार प्रमाणात हेच होतं. म्हणूनच घासताना ओली काच बघून ‘झालं’ म्हणू नका. कोरडी करा, ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि मग ठरवा.

आता टूथपेस्ट. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाची बारीक पूड असते, म्हणून ती घासते. पण ती दातांच्या एनॅमलसाठी बनवलेली, आणि अक्रिलिक त्याहून कितीतरी मऊ. कण किती बारीक ते ब्रँडगणिक बदलतं. त्यामुळे एकाची काच चकाचक होते आणि दुसऱ्याच्या काचेवर धुरकट पडदा येतो, दोघंही खरंच बोलत असतात. घरात दुसरं काही नसेल तर साधी पांढरी पेस्ट घ्या, जेल नको. माझी पसंती ब्रासोला. पितळेची भांडी चमकवायला आणतात तोच. घड्याळाच्या प्लास्टिकसाठी पॉलीवॉच नावाची जर्मन पेस्ट मिळते, तीही चांगली. पण एका काचेसाठी मुद्दाम मागवण्याइतका फरक मला वाटत नाही.

सुरुवात करण्याआधी पट्टा काढा आणि काचेभोवतीच्या केसवर (घड्याळाच्या धातूच्या कवचावर) मास्किंग टेप लावा. ही पायरी गाळू नका. केसला सोनेरी मुलामा असेल तर ब्रासो तो खाऊन टाकतो, आणि मुलामा घरी परत चढत नाही. चावी आत दाबलेली असू दे. घड्याळ नळाखाली धरू नका. इतक्या जुन्या घड्याळात काचेच्या कडेने पाणी आत जायला वेळ लागत नाही, आणि डायलवर डाग पडला तर चरे परवडले असं म्हणायची वेळ येते.

नख अडकणारे चरे असतील तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून 1000, 1500, 2000 आणि मिळाल्यास 3000 नंबरचा वॉटर पेपर आणा. कागदाचा छोटा तुकडा ओला करून झटका, त्याला भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब लावा, आणि 1000 ने एकाच दिशेने, अगदी हलक्या हाताने घासा. काच पार आंधळी होईल. घाबरू नका, तशीच व्हायला हवी. मूळ चरा दिसेनासा झाला की पुसा, आणि 1500 ने पहिल्या दिशेला काटकोनात घासा. दिशा बदलायची ती यासाठी, की आधीच्या कागदाच्या रेषा उरल्या असतील तर त्या आडव्या उठून दिसतात. त्या सगळ्या जाईपर्यंत पुढच्या नंबरला जायचं नाही. घाई केलीत तर 1000 ची एखादी रेघ शेवटी, सगळं चकचकीत झाल्यावर, नेमकी बारा आणि एकच्या मधे दिसते, आणि मग पुन्हा मागे जावं लागतं.

शेवटी मऊ सुती कापडावर ब्रासोचा थेंब घेऊन छोट्या गोल फेऱ्यांनी चोळा, कोरड्या कापडाने पुसा, हवं तर पुन्हा चोळा. ड्रिलला पॉलिशचं चाक लावायचा मोह होतो, पण अक्रिलिक 100 अंशांच्या जरा वर मऊ पडायला लागतं आणि फिरत्या चाकाखाली एका जागी तेवढी उष्णता पटकन तयार होते. हाताने केलेलं बरं. तारखेवर भिंगाचा फुगवटा असेल तर त्यावर कागद चालवू नका, आकार बिघडतो.

काचेच्या आतच केसासारख्या भेगांचं जाळं दिसत असेल तर वरून कितीही घासा, जाणार नाही. अशी काच बदलूनच घ्या. साधी अक्रिलिक काच महाग नसते. घड्याळवाल्याला ‘प्लास्टिकचीच बसवा’ असं आठवणीने सांगा, म्हणजे घड्याळाचं मूळ रूप राहतं.

आता व्हायझर. तो बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो. हे प्लास्टिक दणकट असलं तरी त्यावर चरे लवकर पडतात, म्हणून कारखान्यातच वर कडक थर दिलेला असतो. तुम्ही घासता तो हा थर. पॉलिश केल्यावर दिवसा छान दिसेल, पण थर गेलेल्या जागी नवे चरे आणखी लवकर पडतात, आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्या भागात फुटून पसरतो. ब्रासो, पेट्रोल, थिनर तर मुळीच नको. अशा द्रावणांनी पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. त्याच मॉडेलचा नवा व्हायझर घ्या. थर दिलेल्या चष्म्याच्या लेन्सचंही असंच, त्यांना यातलं काहीही लावू नका.

नवा व्हायझर सिग्नलला थांबल्यावर बाहीने पुसू नका. रस्त्याची धूळ म्हणजे बारीक वाळूच, कोरड्या कापडाखाली ती पेपरचंच काम करते. घरी आल्यावर साबणाच्या पाण्याने भिजवा, धूळ सुटू द्या, आणि मग मऊ कापडाने टिपून घ्या.