गाळ्याच्या करारावर सही होण्याआधी मुलीला सांगा

कोल्हापूरच्या एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगी 28 वर्षांची. पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षं तिथेच घरून बेकरी चालवते. महिन्याची विक्री 90,000 रुपये, पण त्यातल्या 35,000 च्या ऑर्डरी आईच्याच पैशांतून, नणंद आणि मैत्रिणींच्या नावावर. आता मुलगी गाळा घेते आहे आणि 8 लाखांचं मुद्रा कर्जही काढणार आहे. "सांगितलं तर ती खचेल, असं हे म्हणतात. काय करू?"

नमस्कार ताई,

सांगा, आणि करारावर सही होण्याआधी सांगा.

तिचा धीर सुटू नये म्हणून तुम्ही हे केलंत. घरचं भांडवल घेण्यात आपल्याकडे कुणी कमीपणा मानत नाही. पण तुमचे पैसे तिच्या वहीत गिऱ्हाईक होऊन बसलेत, आणि ती वही बघूनच ती कर्ज काढतेय. बँकही तोच आकडा खरा धरणार.

हिशेब मांडून बघा. लोणी, चॉकलेट, खोके यांत विक्रीचे 40 टक्के जातात असं धरू. गाळ्याचं भाडं 25,000. कर्ज पाच वर्षांचं, व्याज 11 टक्के धरलं तर हप्ता साधारण 17,400. म्हणजे दरमहा 42,400. विक्री 90,000 असेल तर हातात 54,000 उरतात, कसंबसं निभावतं. खरी विक्री 55,000. त्यातून उरतात 33,000. पहिल्याच महिन्यापासून 9,400 ची तूट, मदतनिसाचा पगार वेगळाच. गाळ्याच्या करारात लॉक-इन असेल तर मध्येच सोडताही येणार नाही.

ती खचेल ही भीती मी हलकी मानत नाही. पण 55,000 ची विक्री तिने अनोळखी लोकांकडून, स्वतःच्या हातच्या चवीवर मिळवली आहे. हे तिला आज कळतच नाही, कारण खरं-खोटं एकत्र मिसळलंय. कोणता पदार्थ लोक पुन्हा मागतात, हेही तिला धड दिसत नसणार.

मदत करायचीच असेल तर उघडपणे करा. आईवडिलांनी मुलीला दिलेल्या रकमेवर, ती कितीही असो, तिला आयकर लागत नाही. तेच पैसे विक्री म्हणून आले की तिचं उत्पन्न धरलं जातं. मात्र घ्यायचे की नाही, हे तिला ठरवू द्या.

फोनवर सांगू नका. दोघंही पुण्याला जा. सगळ्या ऑर्डरींची तारीखवार यादी न्या. ती रागावेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही, तेवढं सोसा. आणि नणंदेला, मैत्रिणींना त्यातलं खरोखर काय आवडलं होतं, तेही विचारून ठेवा. ती ते नक्की विचारेल.