आव्हान, आवाहन आणि पाचारण

प्रश्न असा आहे: चर्चमध्ये आपल्या श्रद्धेची साक्ष देताना 'देवाने मला तिकडे जाण्याचे आव्हान केले' म्हणावे की 'आवाहन केले'? जागा नकोशी, अवघड असेल तर 'आव्हान'च बरोबर नाही का?

'आव्हान केले' हे मुळात मराठीच नव्हे. आव्हान देतात, आवाहन करतात. ही सरमिसळ व्यासपीठावरून इतकी ऐकू येते की आता कान किटले. अर्थांतला फरक शाळेत शिकवतात, तो सोडून देतो.

व्युत्पत्ती मात्र पाहण्याजोगी आहे. 'आव्हान' म्हणजे मूळचे 'आह्वान', धातू 'ह्वे', हाक मारणे. संस्कृतात ते साधे बोलावणेही आहे आणि द्वंद्वाची ललकारीही. मराठीने ललकारी तेवढी ठेवली. 'आवाहना'त तर हाक नाहीच! तिथे धातू 'वह्', जवळ आणणे. पूजेत आधी देवतेचे आवाहन, मग आसन. माणूस देवाला आपल्या जागी आणतो. बायबलमधली हाक नेमकी उलट दिशेची: अब्राहामाला वयाच्या 75व्या वर्षी हारानातून उठवणारी, 'मी जड जिभेचा' म्हणणाऱ्या मोशेला फारोपुढे उभे करणारी. तिला आवाहन कसे म्हणायचे?

तिच्यासाठी शब्द आहे 'पाचारण'. मराठी बायबलमध्ये पौलाच्या पत्रांत तोच येतो. काही विद्वान त्याला 'मिशनरी मराठी' म्हणून नाक मुरडतात. त्यांनी जुनी मराठी उघडून पाहावी. 'पाचारणे' मिशनऱ्यांच्या कितीतरी आधीचे आहे, आणि माझ्या मते ते थेट प्राकृत 'पच्चार'वरून आले. बाराव्या शतकात प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र याने 'पच्चार'चा अर्थ 'उपालंभ', म्हणजे दोष देणे, असा दिला. इथे मी हेमचंद्राशीही भांडेन: त्याने अर्थ फार आखडला. अवधी भाषेतला त्याचा भाऊ पाहा, 'पचारना'. तुलसीदासांच्या लंकाकांडात मेघनाद जांबवंतावर उसळतो तो 'मला पचारतोस' म्हणून, म्हणजे ललकारतोस म्हणून. दोष देणे, ललकारणे, बोलावणे या तिन्हींच्या मुळाशी मला एकच क्रिया दिसते: समोरच्याला मोठ्याने हटकणे. म्हणजे प्रश्नकर्त्याला 'आव्हाना'त जो अवघडपणा हवा आहे, तो 'पाचारणा'च्या रक्तातच आहे. तो वेगळा आणावा लागत नाही.

बायबलच्या मूळ हिब्रूतही असेच हटकणे सापडते. योना या संदेष्ट्याला देव म्हणतो, ऊठ, निनवे शहराला जा आणि तिच्याविरुद्ध पुकार. योना पळ काढतो; याफो बंदराला जाऊन, रोख भाडे मोजून, तार्शीशच्या जहाजात बसतो. वादळात तळाशी झोपलेल्या योनाला जहाजाचा तांडेल उठवतो: ऊठ, आपल्या देवाला हाक मार. दोन्हीकडे तोच 'ऊठ' आणि तेच 'कारा', म्हणजे हाक मारणे, हे क्रियापद, आधी देवाच्या तोंडी, मग परक्या खलाशाच्या. तांडेलाला त्याचा पत्ता नाही; योनाला मात्र ते शब्द झोंबले असणार. भाषांतरात एकीकडे 'पुकार' आणि दुसरीकडे 'धावा कर' असे केले की हे सारे बुडते, याची मला फार हळहळ वाटते.

तर साक्षीत 'देवाने मला पाचारण केले' किंवा 'मला पाचारण झाले' म्हणावे. 'मी पाचारण घेतले' हा नवा प्रयोग मात्र नको. हाक ऐकली जाते, घेतली जात नाही.