साइट बंद करूनही सगळं दिसतंच, मग अश्लीलतेवरची सेन्सॉरशिप उठवून टाकावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सरकारने एवढ्या साइट बंद केल्या, ओटीटी ॲप बंद केले, तरी तुमच्या नववीतल्या मुलाच्या फोनवर सगळं येतंच, मग ही सेन्सॉरशिप ठेवून उपयोग काय.

नाव लपवून लिहितोय कारण गाव लहान आहे. हर्णै बंदराकडे माझं मोबाईलचं दुकान आहे, रिचार्ज, रिपेअरिंग, झेरॉक्स, २००९ पासून. त्यामुळे या विषयातलं थोडंफार मला काउंटरच्या आतल्या बाजूने माहीत आहे.

जिओ यायच्या आधी माझा खरा धंदा मेमरी कार्ड भरून द्यायचा होता. बोटी आठ-दहा दिवसांसाठी समुद्रात जायच्या, किनारा दिसेनासा झाला की रेंज गेली, मग खलाशी करणार काय. बर्फ, डिझेल, रेशन भरून झालं की पोरं दुकानात यायची, "दादा, कार्ड फुल करून द्या". दोन जीबीचे तीस रुपये. गाणी, भजनं, दादा कोंडक्यांचे पिक्चर (ते सगळे सेन्सॉर सर्टिफिकेटवाले बरं का, तरी घरच्यांसमोर लावायची कोणाची हिंमत नाही), आणि शेवटी हळूच, "थोडं ते पण टाका". 'ते' म्हणजे बीपी, ब्ल्यू पिक्चर. तो शब्द पण कोणी तोंडातून काढायचं नाही. एक म्हातारा तांडेल (बोटीचा म्होरक्या) होता तो तर काहीच बोलायचा नाही, नुसता वरच्या फळीकडे बघायचा, जसं काही मी तिथे डब्यात भरून ठेवलंय. माझ्या कॉम्प्युटरवर त्या फोल्डरला मी 'प्रिंटर ड्रायव्हर' नाव दिलं होतं. भरून दिलं नाही असं मी म्हणणार नाही. दिलं, चार वर्षं दिलं.

आणि कायद्याने बघाल तर त्यात गुन्हेगार मी, तो तांडेल नाही. आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं कलम २९२, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९४ झालंय, ते विकणाऱ्याला, भाड्याने देणाऱ्याला, विकायला जवळ ठेवणाऱ्याला धरतं. मोबाईल-इंटरनेटवरून पसरवणाऱ्याला आयटी कायद्याचं ६७ आणि ६७-ए. एकट्याने आपल्या घरात बघणं हा २९२ खाली गुन्हा नाही असं केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय. लहान मुलांचं असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी, ते नुसतं जवळ ठेवलं तरी पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, लागू शकतो, सुप्रीम कोर्टाचा सप्टेंबर २०२४ चा निकाल आहे, आणि तिथे मला वादच घालायचा नाही, तिथे कात्री नको कोयताच पाहिजे.

दुकानदारांना या कायद्याचा धाक कसा बसला त्याची केस मुंबईचीच आहे. १९५९ साली कुलाब्याच्या एका बुक स्टॉलवर पोलिसांनी खोटं गिऱ्हाईक पाठवून 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या इंग्रजी कादंबरीची एक प्रत विकत घेतली आणि भागीदारांवर खटला भरला. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली. विकणाऱ्याला पुस्तकात अश्लील काय आहे हे माहीत होतं असं सरकारने सिद्ध करायची गरज नाही, असंही म्हटलं. म्हणजे पुस्तक न वाचता विकलंत तरी तुम्ही अडकलात. हे मला एका वकील गिऱ्हाइकाने झेरॉक्स काढता काढता सांगितलं, तेव्हा 'प्रिंटर ड्रायव्हर' आठवून घाम फुटला होता.

आता माझं म्हणणं सांगतो. सेन्सॉरशिप असावी की नसावी यावर लोक तास तास भांडतात, पण ती सापडते कोणाला ते कोणी बघत नाही. ज्याचं नाव-पत्ता छापलेला आहे त्याला ती सापडते, बाकी सगळे मोकळे.

आमच्या शेजारच्या मुरुडचंच बघा. मुरुड म्हटलं की लोक महर्षी धोंडो केशव कर्वे सांगतात, पण त्यांचा मुलगा रघुनाथ, तो पण १८८२ चा मुरुडचाच, त्याच्याबद्दल बोलायला अजून लोक चाचरतात. संततिनियमनावर बोलतो म्हणून कॉलेजातली प्रोफेसरकी गेली, १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ ला मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, मुखपृष्ठावर नग्न बाईचं चित्र असायचं. १९३१ मध्ये अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये परत, आणि या वेळी त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. आंबेडकर, तरी केस हरले. गुन्हा काय, तर वाचकांनी लैंगिक विषयावर पत्रं पाठवली आणि यांनी त्यांना सरळ उत्तरं छापली, म्हणजे तुम्ही आणि मी इथे करतोय तेच! आता नंतरच्या काळात एसटी स्टँडवर पेपरच्या गठ्ठ्याखाली पिवळी पुस्तकं मिळायचीच, त्यावर ना प्रेसचं नाव ना लेखकाचं, त्यांना कोण पकडणार. कर्वे सापडले कारण अंकावर नाव होतं. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या एका कथेसाठी लेखक चंद्रकांत काकोडकरांना पण असंच कोर्टात खेचलं, सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये सोडलं, एका कथेपायी सात वर्षं गेली.

अश्लील म्हणजे काय हे ठरवायला आपल्याकडे २०१४ पर्यंत इंग्लंडमधली १८६८ सालची कसोटी चालायची, की ज्यांचं मन लगेच बिघडू शकतं त्यांच्यावर काय परिणाम होईल. म्हणजे सगळ्यात कच्च्या डोक्याचा माणूस धरून सगळ्यांचं मोजमाप. २०१४ ला टेनिसवाल्या बोरिस बेकरच्या नग्न फोटोच्या केसमध्ये (तो आणि त्याची होणारी बायको, फोटो तिच्याच वडिलांनी काढलेला) सुप्रीम कोर्टाने ती सोडली आणि म्हटलं की आजच्या समाजाचं जे सर्वसाधारण माप आहे ते लावा. बरोबरच आहे, पण आमच्या समाजाचं माप कुठल्या महिन्यात घ्यायचं हे पण सांगायला हवं होतं. शिमग्यात पालखी नाचते, खेळे येतात, पोरं होळीभोवती फाका घालतात त्यातला एक शब्द इथे लिहिला तर माझं उत्तर उडवतील. गोमू झालेला, म्हणजे बाईचा वेष घेतलेला पुरुष कंबर हलवत जे बोलतो त्याला आया-बाया पदर तोंडाला लावून हसतात. तीच माणसं रंगपंचमी झाली की टीव्हीवर कंडोमची जाहिरात लागल्यावर रिमोट शोधतात. मला यात ढोंग वाटत नाही खरं तर. कुठे, कधी, कोणासमोर हे गावाने ठरवलेलं आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. फोनला ते माहीत नाही, एवढाच प्रॉब्लेम आहे.

आता ती गोष्ट जिच्यामुळे मी फोल्डर डिलीट केला. २०१३ ची, मासेमारी बंदीच्या आधीची, म्हणजे मे महिना. एक पोरगा कार्ड घेऊन आला, चालत नाही बघा म्हणून. कार्ड लावलं, एक क्लिप उघडली, आणि मागच्या भिंतीवर कॅलेंडर दिसलं, तारखांच्या खाली लाल पट्टी, आमच्याच भागातल्या पतसंस्थेचं. तसलंच माझ्या दुकानात खिळ्याला लटकत होतं. मान वर केली असती तर दिसलं असतं. बाई लग्न झालेली, मोबाईल कुठेतरी कपाटावर टेकवून ठेवलेला, ती एकदाही त्याच्याकडे बघत नाही, म्हणजे तिला पत्ताच नाही. मी बंद केलं आणि कार्ड फॉरमॅट मारलं. पोरगा म्हणतो, "दादा कशाला पुसलंत, सगळ्यांकडे आहे ते." त्या बाईला दोन महिन्यात माहेरी पाठवलं, तिकडून मुंबईला गेली म्हणतात. ज्याने काढलं तो अजून बंदरावर लिलावाला असतो, चहा पितो, माझ्याकडेच रिचार्ज मारतो. तक्रार झालीच नाही. कायदा नव्हता असं नाही हो, विचारल्याशिवाय कोणाचे खाजगी फोटो काढण्या-पसरवण्यावर आयटी कायद्याचं ६६-ई २००९ पासून होतं, बाईला चोरून बघण्या-टिपण्यावर आयपीसीचं ३५४-सी त्याच वर्षी नवीन आलं होतं, पण चौकीवर जाऊन ती क्लिप दाखवायची कोणी?

आणि त्याच २०१३ मध्ये सगळ्या पॉर्न साइट बंद करा म्हणून एका वकिलाची याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती. त्यातून पुढे ३१ जुलै २०१५ ला ८५७ साइट बंद करायचा आदेश निघाला, त्यात एक साधी विनोदाची साइट पण होती, बोंबाबोंब झाली आणि चार-पाच दिवसात माघार. २०१८ ला उत्तराखंड हायकोर्टामुळे परत ८२७ बंद. मार्च २०२४ मध्ये १८ ओटीटी, जुलै २०२५ मध्ये २५. या ॲपवर तरी पैसे घेऊन, कॅमेरा समोर आहे हे माहीत असलेले नट-नट्या होते. कॅलेंडरवाली क्लिप यातल्या कुठल्याच यादीत येत नाही, ती कार्डावरून कार्डावर, आता व्हॉट्सॲपवरून फिरते.

म्हणून पूर्ण उठवावी असं मी म्हणणार नाही. मोठ्या माणसांनी आपल्या मर्जीने काढलेलं, मोठ्या माणसांनी बघितलेलं, त्याच्या मागे सरकारने ताकद घालवू नये. सगळी ताकद विचारल्याशिवाय काढलेल्या आणि पोरांच्या क्लिपवर लावावी. २०२१ च्या आयटी नियमात असं आहे की नग्न किंवा मॉर्फ केलेल्या फोटो-व्हिडिओची तक्रार त्या माणसाने स्वतः किंवा त्याच्या वतीने कोणी केली तर कंपनीने ते काढलं पाहिजे, आधी २४ तासात, फेब्रुवारी २०२६ पासून दोन तासात. हे आमच्या बंदरावर किती जणांना माहीत आहे? मी काउंटरवर कागद चिकटवलाय, सायबर क्राइम पोर्टलचा पत्ता आणि खाली 'पोलिसांकडे जायच्या आधी स्क्रीनशॉट आणि लिंक ठेवा, पुढे पाठवू नका'. दोन जणी आल्या आतापर्यंत त्या कागदामुळे. एकीचं काढून झालं, एकीचं चालू आहे.

राहिला तुमचा मुलगा. फोनच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतं (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय), तिथे क्लाउडफ्लेअरचं फॅमिली डीएनएस टाका, घरच्या वायफायला १.१.१.३. फुकट आहे, बरंच अडवतं, व्हीपीएन (अडवणूक चुकवणारं ॲप) टाकला की काहीच अडवत नाही. माझ्या पोराच्या फोनला लावलं तेव्हा तो शेजारी उभा राहून बघत होता आणि म्हणाला, "बाबा, हे काढायचं कसं ते मला येतं." मी म्हटलं माहीत आहे. मग त्याला कॅलेंडरवाली गोष्ट सांगितली, बाईचं नाव न घेता. ऐकून घेतलं त्याने, काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपमधून बाहेर पडला. का ते मी विचारलं नाही अजून.